बाबांची फाइल

सुरुवातीपासून सांगा, असं म्हणणाऱ्या माणसाचा मला आता राग येतो. गेल्या दीड वर्षात मी दोन डॉक्टरांना सुरुवातीपासून सांगितलं, तिसऱ्यानं सांगूच दिलं नाही. पहिल्या वेळी पाऊण तास लागला होता, दुसऱ्या वेळी वीस मिनिटं. आता तीन मिनिटांत उरकेल एवढाच मजकूर माझ्याकडं तयार आहे. नाव हिमांशू, कागदोपत्री हिमानी. वय सव्वीस. वाळूजला एका कारखान्यात नोकरी; गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि बरोबर की चूक एवढं सांगायचं. कळायला लागल्यापासून मी मुलगा आहे. एकोणिसाव्या वर्षी घरी सांगितलं. घरच्यांनी ऐकून घेतलं आणि पाच वर्षं विषयच काढला नाही. मग स्थळं यायला लागली, मी नाही म्हणालो, आणि डॉक्टरांच्या पायऱ्या सुरू झाल्या.

मला डॉक्टर नको होता असं नाही. गरज मलाच होती. झोप धड लागत नव्हती. आरशासमोर उभं राहिलं की जीव नकोसा व्हायचा. कुणाशी तरी बोलायला पाहिजे हे मला आई-बाबांच्या आधी कळलं होतं. पण मला बरं करणारा नको होता. मी आहे हे धरून चालणारा आणि मग पुढचं विचारणारा हवा होता. पंधरा लाखांचं शहर, रोज कुठं तरी नवी इमारत उठते, चौकाचौकात केसांचे, दातांचे, गुडघ्यांचे दवाखाने. त्यात असं एक माणूस मिळेना.

आणि जिथं जावं तिथं माझ्या आधी बाबांची फाइल पोचायची.

माझे वडील श्रीरंग, तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकून होते. त्यांच्या आधी आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत होते. आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचं लिहून दिलं. त्यामुळं स्थळं नाकारताना पोटच्या पोरानं आपण मुलगी नाही असं पुन्हा सांगितल्यावर बाबांनी ना हात उगारला ना देव्हाऱ्यासमोर बसले. ते फुलस्केप कागद घेऊन बसले. सात पानं झाली. वर 'विषय: कु. हिमानी हिच्या मानसिक अवस्थेबाबत'. खाली मुद्दे, मुद्द्यांना क्रमांक, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीनं मारलेली रेघ. सगळं पिवळ्या फाइलीत लावून पांढऱ्या नाडीनं बांधलेलं. मुद्दा नऊ असा होता: 'सदर मुलगी स्वतःस हिमांशू म्हणवते.'

बाबांच्या लिहिण्याची शिस्त मी लहानपणापासून भोगली आहे. गृहपाठात एखादा शब्द चुकला तर खोडरबर वापरायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी छोटी सही करायची. "खाडाखोड गुन्हा नाही," बाबा म्हणायचे. "सही नसलेली खाडाखोड गुन्हा आहे. कुणी खोडलं ते कळलं पाहिजे." तिसरीत माझ्या शुद्धलेखनाच्या वहीत पानोपानी सह्या बघून बाईंनी विचारलं होतं की हे काय खरेदीखत आहे का. सगळा वर्ग हसला होता. मी तरी सह्या करतच राहिलो.

पहिल्या डॉक्टरनं फाइल वाचली, गोळ्या लिहून दिल्या आणि बाबांना म्हणाला, लग्न लावा, आपोआप निवळेल. गोळ्यांनी मी महिनाभर बसमध्ये उभ्या उभ्या पेंगत होतो. दुसरा समुपदेशक होता. त्यानं फाइल वाचून सहा बैठका सांगितल्या. केस वाढवायचे, बांगड्या घालायच्या, मनात विचार आला की मनगटावरचं रबर ओढून सोडायचं. रोज किती वेळा ओढलं ते वहीत लिहायचं. तीन बैठकांनंतर माझं मनगट बघून आईच म्हणाली, बास.

तिसरे मोठे डॉक्टर. त्यांच्यासोबत दोन शिकाऊ डॉक्टर बसले होते. त्यांनी मला काही विचारलंच नाही. फाइल उघडली आणि त्या दोघांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागले. मुद्दा चार आला. 'सदर मुलीने वयाच्या सातव्या वर्षी, खुलताबाद येथे चुलतभावाच्या मुंजीत, माझीही मुंज करा असा हट्ट धरला व पाटावरून उठण्यास नकार दिला. तिला उचलून बाजूला करावे लागले.'

डॉक्टर हसले. "म्हणजे लाडावलेलं पोर," ते म्हणाले. ते दोघंही हसले.

मला त्या मुंजीतलं बाकी काही आठवत नाही. पण उचलणारे हात आठवतात. ते बाबांचे होते.

बाबा उठले आणि म्हणाले, "कागद परत द्या." बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर उसाचा रस घेतला. बाबांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं बंद केलं. घरात मला हिमा म्हणायचे, तेही गेलं. "जेवण झालं का?" "दाराला कडी लावायची आहे." असं हवेत बोलायचे आणि ते मला उद्देशून आहे हे मी ओळखायचं. आई काही तरी चुकतंय अशा नजरेनं दोघांकडं बघत राहायची. मी समजून चुकलो की बाबांचा धीर संपला. खरं सांगायचं तर माझाही संपला होता. भांडायलाही अंगात ताकद लागते.

अशात सावनीनं नंबर दिला. ती माझ्याच पाळीत काम करते. तिचा भाऊ कुणाकडं तरी जाऊन आला होता. सोनिया नावाच्या समुपदेशक बाई जालन्याहून दर गुरुवारी येतात आणि पदमपुऱ्यात दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत बसतात, एवढीच माहिती. मी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. तीन मिनिटांचा मजकूर तोंडात तयार ठेवला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, "तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. मागं प्रेस मशीन धाडधाड चाललं होतं, बाईंना वाटलं असेल फोन कटला. मग मी नाव सांगितलं. त्यांनी ते परत म्हटलं, लिहून घेतलं, आणि गुरुवार सकाळी अकराची वेळ दिली. मी ठरवलं की ही शेवटची खेप. इथंही तेच झालं तर यापुढं कुणापुढं तोंड उघडायचं नाही. जे आहे ते पोटात घालून कारखाना, घर, कारखाना करत राहायचं. असे जगणारे लोक मी बघितले आहेत. ते जगतात, पण त्यांच्याशी कुणी बोललं तरी ते ऐकत नसतात.

फक्त गुरुवार अडचणीचा होता.

आम्ही शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागात राहतो. आम्ही आलो तेव्हा आजूबाजूला बाजरी होती. आता सगळं प्लॉटिंग झालंय. घरांना नंबर आले, रस्त्याला दिवे आले, नळ काही आला नाही. मोठी पाइपलाइन येणार आहे असं मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. यंदा तर पाऊसच झाला नाही. बोअर फेब्रुवारीतच घरघर करून थांबले. गल्लीतल्या बारा घरांनी मिळून दर आठवड्याला दोन टँकर लावले आणि ते गुरुवारी लावले, कारण माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. टँकरचा तो जाड पाइप मीच धरतो. एका हौदातून दुसऱ्या हौदात न्यायचा, पायाखाली दाबायचा, नाही तर सापासारखा उसळतो. कुणाच्या हौदात किती गेलं ते काठीनं मोजायचं, म्हणजे भांडणं होत नाहीत. समोरच्या द्वारकाबाई पिशोरच्या. विहीर आटली म्हणून दोन वर्षांपूर्वी लेकाकडं राहायला आल्या. त्या कौतुकानं म्हणतात, "पोरगी हाय, पण गड्याला मागं टाकंल. व्हय की नाय?" टँकरवाला सांडू तर मला पहिल्या दिवसापासून भाऊच म्हणतो. टोपी, पँट, चिखलानं भरलेले पाय बघितले आणि त्यानं ठरवून टाकलं. त्याला कुणी दुरुस्त केलं नाही. मी तर नाहीच. आठवड्यातले ते दोन तास माझे सगळ्यात बरे जायचे.

बुधवारी जेवताना मी सांगितलं की उद्या मी नाही, पदमपुऱ्यात जायचंय. कशाला तेही सांगितलं. आईचा हात ताटातच थांबला.

"आणि पाणी?"

"मी धरतो पाइप," बाबा भाकरीकडं बघत म्हणाले.

"तुम्ही?" आई म्हणाली. "हर्नियाच्या ऑपरेशनला तीन महिने झालेत फक्त. बादली उचलायची नाही म्हणून सांगितलंय."

"पाइप म्हणजे बादली नव्हे."

आईनं माझ्याकडं बघितलं. "एकदाच हं. ह्या एकाच गुरुवारी."

सकाळी निघताना बाबा फाइल घेऊन दारात उभे. माझं डोकं फिरलं. "आता ही कशाला? मला बोलता येतं."

"राहू दे बरोबर," ते म्हणाले. "पद्धत असते. त्यांना द्यायची की नाही ते बघता येईल."

मला वाद घालायचा नव्हता. उन्हं तापायला लागली होती. मी फाइल काखेत मारली आणि निघालो. कोपऱ्यावर सांडूचा टँकर वळताना दिसला. "ओ भाऊ, किधर?" तो ओरडला. मी हात केला आणि शेअर रिक्षात बसलो.

खोली लहान होती. खालून दातांच्या मशीनचा आवाज येत होता. सोनिया मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, पायात चप्पल नाही. मी टेबलावर फाइल ठेवली. "वडिलांनी दिलीय. यात सगळं आहे."

त्यांनी फाइलला हात लावला नाही. "मी ती वाचावी असं तुम्हाला वाटतं?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "नाही," मी म्हणालो.

"मग राहू द्या. तुमच्याजवळच ठेवा."

मी फाइल मांडीवर घेतली, घसा साफ केला आणि म्हणालो, "सुरुवातीपासून सांगतो."

"सुरुवात कशाला? आज सकाळचं सांगा, हिमांशू. इथं यायला काय काय करावं लागलं?"

मग मी काय बोललो तर टँकरबद्दल बोललो. पाइप कसा धरायचा, तिसऱ्या घराचा हौद कसा गळका आहे, काठीवर मी खुणा कशा कोरल्यात. बाबांचं ऑपरेशन. आईचं 'एकदाच हं'. तो सांडू मला भाऊ म्हणतो हेही सांगितलं, दोनदा सांगितलं. चाळीस मिनिटं मी पाण्यावर बोलत होतो. मॅडम मध्येच एखादा प्रश्न विचारत, माझ्या सांगण्यातला. हे खरं कशावरून, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. शेवटी दीड वर्षातल्या त्या तिघांचं दोन वाक्यांत सांगून मी म्हणालो, "मी लई दमलोय हो."

घरात आम्ही लई म्हणत नाही, ते गल्लीतलं. पण आतून तेच आलं.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष तुम्ही तीन लोकांसमोर स्वतःचा खटला लढवलात. इथं खटला नाही. तुम्ही जे म्हणताय ते मी धरून चालते. आता झोपेचं बघू, घरचं बघू, पुढं काय करायचंय ते सावकाश बघू. औषधांची, कागदपत्रांची वेळ आली तर मी ती देऊ शकत नाही, पण नीट वागणारे डॉक्टर मला माहीत आहेत. पुढच्या गुरुवारी याल?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. दीड वर्ष ज्याच्यासाठी वणवण केली ते समोर बसलं होतं. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा टँकर, आणि आईनं एकदाच म्हटलेलं. त्यांना दुसरा दिवस नव्हता, आणि मला दुसरी सुट्टी नव्हती. संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणालो. जिना उतरताना मला हसूही आलं आणि रडूही. देव देतो तेव्हा गुरुवारीच देतो.

रिक्षात खिडकीकडंची जागा मिळाली. रेल्वे स्टेशनच्या पुढं गरम वारं आत घुसलं आणि फाइलीची जुनी नाडी सुटली. पानं फडफडायला लागली, मी दोन्ही हातांनी दाबून धरली. तेव्हा वरच्या पानावर लाल शाई दिसली.

मी ती फाइल कधी वाचली नव्हती. तिघांच्या तोंडून तिच्यातलं ऐकलं होतं, तेवढं पुरे होतं. आता वाचली.

विषयाच्या ओळीत 'कु. हिमानी'वर एक सरळ लाल रेघ होती. वर लिहिलं होतं, 'चि. हिमांशू'. शेजारी बाबांची छोटी सही. सहीखाली तारीख, पाच मार्च. त्या तिसऱ्या डॉक्टरकडून आम्ही परत आलो तो दिवस.

खालच्या ओळीत 'सदर मुलगी' खोडून 'सदर अपत्य' लिहिलं होतं. सही, पाच मार्च. मग 'अपत्य'ही खोडलं होतं आणि त्याच्यावर, जागा उरली नव्हती म्हणून अगदी बारीक अक्षरात, 'मुलगा'. सही, एकोणीस एप्रिल. म्हणजे अपत्यावरून मुलग्यावर यायला बाबांना दीड महिना लागला होता. त्या दीड महिन्यात ते माझ्याशी हवेत बोलत होते, आणि मी समजत होतो की मी त्यांच्या मनातून उतरलो.

पान दोनवर मुद्दा चार होता. मुंजीचा मजकूर तसाच होता, फक्त 'हट्ट धरला' खोडून 'सांगितले' केलं होतं. 'माझीही मुंज करा असे सांगितले.' पुढं 'उचलून बाजूला करावे लागले' होतं. त्यातलं 'करावे लागले' खोडून 'मी केले' लिहिलं होतं. सही.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं ताई, बरं वाटत नाही का?" मी पानं उलटत नाव किती ठिकाणी आहे ते मोजत राहिलो. नाव अकरा ठिकाणी होतं. दहा ठिकाणी रेघ, दहा ठिकाणी सही. पान पाचवर एक राहून गेलं होतं.

गल्लीत पोचलो तर रस्ता ओला. ह्या दिवसांत रस्ता ओला म्हणजे कुणाचं तरी कपाळ फुटलं. द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ये बाई ये! तुझ्या बापानं अर्धा टँकर सडकंला पाजला. पाइप उडाला न् ह्यो माणूस त्याच्यामागं! मला हितून तिथवर भिजवलं."

बाबा ओट्यावर बसले होते. धोतर चिखलानं माखलेलं, एक हात पोटावर. आई दारात टॉवेल घेऊन बडबडत होती. सांडू टँकरचं झाकण लावता लावता म्हणाला, "काका दमदार आदमी हायेत भाऊ, पण पाइप त्यांचं ऐकत नाय."

"कसं झालं?" बाबांनी विचारलं. मला की हवेला, ते कळलं नाही.

"बरं झालं." मी त्यांच्या शेजारी बसलो. पोट दुखतंय का विचारायचं होतं. इतके दिवस गप्प का होतात हेही विचारायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बाबा, पान पाचवर एक राहिलंय."

त्यांनी चटकन माझ्याकडं बघितलं. तेहेतीस वर्षांत वरिष्ठांनी चूक काढली असेल तेव्हा असेच दचकले असतील. "कुठं?"

मी पान काढून समोर धरलं. त्यांनी डोळे बारीक केले, मग आईला म्हणाले, "चष्मा आण. आणि लाल पेन."

आई दोन्ही घेऊन आली. तिनं काही विचारलं नाही, म्हणजे तिला माहीत होतं. बाबांनी टॉवेलला हात पुसले, फाइल गुडघ्यावर धरली आणि रेघ मारली. रेघ सरळ आली. वर नाव लिहिलं. सही केली. तारीख घालताना मनगटावरून पाण्याचा थेंब ओघळला आणि आकडा फुटला.

"पुढच्या गुरुवारीही जायचं असेल," ते म्हणाले.

"जायचंय. पण टँकर..."

"मी आहे की."

"नगं!" द्वारकाबाई रस्त्यापलीकडून ओरडल्या. "पाया पडते, तुम्ही नगं. म्या न् सांडू मिळून धरू. पोरीला जाऊ द्या कुठं जायचं ते."

सांडू हसला. आईही हसली, कितीतरी दिवसांनी. बाबा मात्र कागदाकडं बघत होते. शाई पसरू नये म्हणून त्यांनी फुंकर घातली, मग पान माझ्यापुढं केलं.

"हिमांशू," ते म्हणाले, "हे जरा उन्हात धर. ओलं आहे अजून."

द्वारकाबाई ऐकत होत्या. सांडू ऐकत होता. बाबांनी आवाज कमी केला नाही.

मी उठलो आणि पान उन्हात धरलं.